आकाशातील क्षितिज : विमानाच्या उपकरणांचे वाचन

ढगात शिरलेल्या अथवा अंधाऱ्या रात्री समुद्रावरून उडणाऱ्या विमानातील माणसाला आपले विमान सरळ आहे की एका बाजूस कलले आहे, हे स्वतःच्या शरीराच्या आधारे सांगता येत नाही. हे विधान प्रवाशाइतकेच वैमानिकालाही लागू आहे. त्याने हजारो तास उड्डाण केलेले असो, त्याची प्रकृती उत्तम असो, त्याचे कान आणि त्याचे स्नायू या बाबतीत त्याला फसवितातच. मोठ्या प्रवासी विमानात वैमानिकाच्या समोर जी तबकड्यांची, आणि आता पडद्यांची, रांग असते तिचे मूळ प्रयोजन या एका मर्यादेत आहे. आजच्या स्मृतिव्याख्यानात या उपकरणांची ओळख करून द्यावयाची आहे. ती करून देताना मुंबईच्या किनाऱ्यावर १९७८ साली घडलेल्या एका अपघाताकडे आपणांस पुन्हा पुन्हा वळावे लागेल, कारण उपकरण वाचणे म्हणजे नेमके काय हे त्या एका घटनेतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून होत नाही.

गलोंड्यासारख्या गावाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. दमणचे हवाई केंद्र येथून फार दूर नाही आणि तटरक्षक दलाची डॉर्निअर विमाने तेथून समुद्रावर गस्तीसाठी जातात. रात्री आकाशात लाल, हिरवे आणि पांढरे दिवे सरकताना आपण सारेच पाहतो. त्या दिव्यांच्या मागे बसलेल्या दोन माणसांना बाहेर काय दिसत असते? बहुतेक वेळा काहीच नाही. त्यांना जे दिसते ते समोरच्या उपकरणांत.

प्रथम शरीराची फसवणूक कशी होते ते पाहू. आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव भरलेला असतो. डोके फिरले की नलिका फिरते, द्रव मात्र जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो आणि या फरकावरून मेंदूला फिरण्याची जाणीव होते. परंतु फिरणे एकाच गतीने चालू राहिले तर पंधरा-वीस सेकंदांत द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो, फरक नाहीसा होतो आणि त्याबरोबर जाणीवही. जत्रेतील गोल फिरणाऱ्या पाळण्यात डोळे मिटून बसलेल्या मुलाला हा अनुभव येतो. काही वेळाने त्याला आपण स्थिर आहोत असे वाटते आणि पाळणा थांबला की आपण उलट दिशेने फिरू लागलो असे वाटते. विमान अगदी हळूहळू, म्हणजे सेकंदाला एक-दोन अंश इतक्या मंद गतीने कलले, तर तो कल मुळात जाणवतच नाही.

यावर कोणी म्हणेल की कललेल्या विमानात माणूस एका बाजूला घसरेल, तेवढ्यावरून तरी त्याला कळेल. तसे होत नाही. विमान कलून वळत असताना गुरुत्वाकर्षण आणि वळणामुळे जाणवणारा बाहेरचा ओढा यांची एकत्रित दिशा नेमकी विमानाच्या तळाकडे येते. वैमानिकाने वळण नीट घेतले असेल तर पेल्यातील पाण्याची पातळी पेल्याच्या काठाला समांतरच राहते, मग बाहेर विमान तीस अंशांनी कललेले का असेना. त्यामुळे ओळंबा आणि पाणसळ ही गवंड्याची दोन विश्वासू साधने विमानात निरुपयोगी ठरतात.

मग ज्याला विमानाच्या वळण्याशी काही देणेघेणे नाही अशी वस्तू हवी. ती वस्तू आपल्या मुलांच्या खिशात असते. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सहजासहजी सोडत नाही. त्याला अशा कड्यांत बसविले की बाहेरची चौकट कशीही वळली तरी त्याच्यावर ताण येऊ नये, तर चौकट फिरते आणि भोवरा आपल्या जागी उभा राहतो. हाच जायरोस्कोप. विमान त्याच्याभोवती कलते, वर-खाली होते, आणि भोवरा मात्र ‘खरे उभे’ कोठे आहे हे सांगत राहतो. घर्षणामुळे आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे तोही हळूहळू भरकटतो, म्हणून त्याला गुरुत्वाच्या दिशेला सतत सावकाश सावरून धरणारी यंत्रणा जोडावी लागते.

या तत्त्वावर स्पेरी कंपनीने बनविलेले कृत्रिम क्षितिज वापरून अमेरिकन वैमानिक जेम्स डूलिटल याने २४ सप्टेंबर १९२९ रोजी, बाहेरचे काहीही दिसू न देणाऱ्या झाकलेल्या कक्षात बसून, केवळ उपकरणे पाहून विमान उडविले आणि उतरविले. आपल्या भागाच्या इतिहासाशी दुरून नाते सांगणारी आणखी एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. नगर हवेलीवर पोर्तुगीजांचा अंमल होता त्या काळात, १९२२ साली, पोर्तुगीज नौदलाचे गागो कुतिन्यो आणि साकादुरा काब्राल हे लिस्बनहून दक्षिण अटलांटिक ओलांडून रिओ द जानेरोला विमानाने गेले. समुद्राचे क्षितिज दिसत नसतानाही ताऱ्यांची उंची मोजता यावी म्हणून कुतिन्यो यांनी आपल्या सेक्स्टंटला कृत्रिम क्षितिजाची जोड दिली होती. त्यांनी भोवरा न वापरता पाणसळीचे तत्त्व वापरले होते, परंतु गरज तीच होती. डोळ्यांना क्षितिज मिळत नसेल तर ते बरोबर घेऊन जाणे त्यांना भाग होते.

कृत्रिम क्षितिजाची तबकडी वाचावयाची रीत आता सांगतो. तबकडीच्या मध्यभागी विमानाचे एक लहानसे चिन्ह असते. ते हलत नाही. त्याच्या मागे एक गोलक अथवा पडदा असतो. त्याचा वरचा अर्धा भाग निळा, म्हणजे आकाश, आणि खालचा तपकिरी, म्हणजे जमीन. दोहोंमधील पांढरी रेषा हे क्षितिज. विमानाचे नाक वर झाले की चिन्हामागे निळा रंग वाढतो, नाक खाली गेले की तपकिरी. विमान उजवीकडे कलले की क्षितिजाची रेषा उजव्या टोकाला वर आणि डाव्या टोकाला खाली गेलेली दिसते, म्हणजे खिडकीतून खरे क्षितिज जसे दिसले असते तसेच. हलते ते जग, स्थिर ते आपण, हा या तबकडीचा संकेत. सोव्हिएत बनावटीच्या पुष्कळ विमानांत तो उलट असे. तेथे कल दाखविण्यासाठी विमानाचे चिन्ह फिरत असे. दोन्ही पद्धती तर्काला धरून आहेत, पण एका पद्धतीत मुरलेल्या वैमानिकाला घाईच्या क्षणी दुसरी पद्धत घातक ठरू शकते.

आता १ जानेवारी १९७८ च्या रात्रीकडे वळू.

एअर इंडियाच्या ताफ्यात १९७१ साली दाखल झालेले पहिले बोईंग ७४७ म्हणजे ‘एम्परर अशोक’. त्या रात्री ८ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास हे विमान दुबईला जाण्यासाठी सांताक्रूझ विमानतळावरून पश्चिमेकडे झेपावले. विमानात १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते. यांत्रिक दृष्ट्या विमान उडत होते, चारही इंजिने चालू होती. धावपट्टीच्या पुढे काही क्षणांत किनारा येतो आणि किनाऱ्यानंतर समुद्र. शहराचे दिवे मागे पडले की पुढे जे उरते तो निव्वळ काळोख. समुद्र कोठे संपला आणि आकाश कोठे सुरू झाले हे सांगणारी रेषा तेथे नसते.

किनारा ओलांडताना विमानाने ठरल्याप्रमाणे उजवीकडे हलके वळण घेतले आणि नंतर ते सरळ झाले. परंतु कॅप्टनच्या समोरची क्षितिजाची तबकडी त्या उजव्या कलातच अडकून राहिली. विमान सरळ होते, तबकडी म्हणत होती की ते अजून उजवीकडे कललेले आहे. कॅप्टन मदन लाल कुकर यांना उड्डाणाचा दीर्घ अनुभव होता. त्यांनी जे केले ते तबकडी खरी मानली तर अगदी योग्य होते. त्यांनी विमान डावीकडे कलविले. तबकडीवर काहीच फरक पडला नाही. म्हणून त्यांनी आणखी डावीकडे कलविले. तरीही फरक नाही. विमान नव्वद अंशांच्याही पलीकडे कलले. पंख उभे झाल्यावर विमानाला तोलून धरणारी शक्ती उरत नाही, नाक खाली जाते, वेग वाढतो. धावपट्टी सोडल्यापासून अवघ्या १०१ सेकंदांत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावर समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

कक्षात त्या वेळी तीन माणसे होती, आणि क्षितिजदर्शकही तीन होते. कॅप्टनसमोर एक, सहवैमानिक इंदू विरमानी यांच्यासमोर दुसरा, आणि मधल्या फळीवर राखीव असा तिसरा, आकाराने लहान. मोठ्या विमानात ही तिन्ही उपकरणे एकाच भोवऱ्यावर अवलंबून ठेवीत नाहीत. कॅप्टन आणि सहवैमानिक यांच्या तबकड्यांना निरनिराळ्या ठिकाणांहून संकेत मिळतात आणि राखीव उपकरणाचा भोवरा त्याचा स्वतःचा असतो. एक बिघडले तर उरलेली दोन एकमेकांना साक्ष देतील, हा त्यामागचा हिशेब. समुद्रातून काढलेल्या ध्वनिमुद्रकावरून असे दिसले की कॅप्टनने आपले उपकरण उलटल्याचे सांगितले आणि सहवैमानिकानेही आपले उपकरण उलटल्याचे सांगितले. सहवैमानिकाचे उपकरण बिघडलेले नव्हते. ते विमानाचा खरा, भयंकर डावा कल दाखवीत होते! खरे बोलणारे उपकरण इतके अविश्वसनीय दिसत होते की तेही बिघडल्यासारखे वाटले. मागे बसलेले फ्लाइट इंजिनिअर आल्फ्रेडो फारिया यांच्या ध्यानात फरक आला असावा, कारण अमुक एका उपकरणावर विसंबू नका असे त्यांनी बजावल्याचे ध्वनिमुद्रणात आहे. तोवर फार उशीर झाला होता.

भारतातील चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा की, क्षितिजदर्शक बिघडल्यामुळे विमानाच्या स्थितीचे भान कॅप्टनला राहिले नाही व त्यामुळे त्यांनी चुकीची नियंत्रणे दिली. इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरणे कर्मचाऱ्यांना जमले नाही. मृतांच्या नातेवाइकांनी विमान आणि उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत दावे केले. ते तेथील न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळले.

कॅप्टनला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. माझ्या मते अधिक उपयुक्त प्रश्न असा की, त्या मिनिटभरात ‘इतर उपकरणे’ काय सांगत होती? दिशादर्शकाकडे पाहू. विमान खरोखर उजवीकडे कललेले असते तर त्याची दिशा उजवीकडे सरकत गेली असती. ती डावीकडे सरकत होती. वळणदर्शकाची सुई डावीकडे होती. पुढे उंचीमापकाचे काटे उलटे फिरू लागले आणि वेगमापकाचा काटा चढू लागला. म्हणजे चार-पाच साक्षीदार एक सांगत होते आणि एकटी मोठी तबकडी दुसरे. पण ती मोठी तबकडी नेमकी नजरेच्या मध्यभागी असते. वैमानिकाची नजर दर काही सेकंदांनी क्षितिजदर्शकावरून निघून एखाद्या बाजूच्या उपकरणाकडे जाते आणि पुन्हा क्षितिजदर्शकावर येते, असेच त्याला शिकविलेले असते. ज्या खुंटीला सारे बांधले तीच खुंटी उखडली, तर बाकीच्या दोऱ्या वाचावयाला दोन-चार सेकंद लागतात. त्या रात्री विमान समुद्रापासून जेमतेम दीड हजार फूट उंचीच्या आत होते. तेवढे सेकंद तेथे नव्हते.

हा प्रकार त्यानंतर पुन्हा घडला नाही असे नाही. २२ डिसेंबर १९९९ रोजी लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून निघालेले कोरियन एअरचे मालवाहू ७४७ विमान जवळजवळ याच रीतीने कोसळले. रात्र होती, कॅप्टनचा क्षितिजदर्शक कल दाखवीत नव्हता, दोन उपकरणांतील फरकाची सूचना देणारा इशारा वाजत होता, आणि फ्लाइट इंजिनिअर विमान कलल्याचे ओरडून सांगत होता. सहवैमानिक, ज्याच्यासमोर बरोबर चालणारे उपकरण होते, तो गप्प राहिला. चारही जण मृत्यू पावले. ज्येष्ठापुढे तोंड न उघडण्याची सवय कक्षात किती महाग पडते याची चर्चा त्यानंतर जगभर झाली, आणि ती आपल्याकडील कोणत्याही कार्यालयाला लागू करता येईल अशी होती.

क्षितिजानंतर येतात ती हवेच्या दाबावर चालणारी उपकरणे. ती विमानाच्या अंगावर असलेल्या दोन प्रकारच्या छिद्रांवर अवलंबून असतात. एक पिटो नळी. आँरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी १७३२ मध्ये ती वापरली. नळीचे तोंड समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे असते व तेथे वाऱ्याचा दाब साठतो. दुसरी छिद्रे विमानाच्या कुशीत, कडेला असतात आणि तेथे भोवतालच्या हवेचा स्थिर दाब मिळतो. पहिल्यातून दुसरा वजा केला की वेग मिळतो. केवळ दुसऱ्यावरून उंची मिळते, कारण वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील निर्द्रव वायुदाबमापकाची पातळ पत्र्याची डबी आपणांपैकी अनेकांनी हाताळली असेल. जुना उंचीमापक म्हणजे तीच डबी, फक्त मिलिबारऐवजी फुटांत खुणा केलेली.

येथे एक गोम आहे आणि ती पावसाळी प्रदेशातल्या माणसाने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. उंचीमापक उंची मोजत नाही. तो दाब मोजतो आणि उंचीचा अंदाज करतो. अंदाज कोठून सुरू करावयाचा हे वैमानिकाला बटण फिरवून सांगावे लागते. प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल मानला जातो. मुंबईत ऐन पावसाळ्यात समुद्रपातळीचा दाब १००३ च्या आसपास असणे नित्याचे आहे. समुद्राजवळ एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते २८ फूट पडतात. म्हणजे वैमानिकाने १०१३ चाच आकडा ठेवून मुंबईत उतरावयास सुरुवात केली तर त्याचा उंचीमापक पावणेतीनशे फूट अधिक दाखवील. तो स्वतःला हजार फुटांवर समजेल आणि प्रत्यक्षात सव्वासातशे फुटांवर असेल. म्हणून ठरावीक उंचीच्या वर सर्व विमानांनी प्रमाण दाब ठेवावयाचा, म्हणजे सर्वांची चूक सारखी राहते आणि ती एकमेकांवर आदळत नाहीत. खाली उतरताना मात्र त्या विमानतळाचा त्या वेळचा दाब नियंत्रकाकडून घेऊन लावावयाचा, कारण आता आदळण्याची भीती जमिनीशी असते.

वेगमापकाचेही असेच. पस्तीस हजार फुटांवर ध्वनिवेगाच्या ०.८४ पट वेगाने जाणारे विमान हवेतून ताशी सुमारे ९०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ४८५ नॉट वेगाने कापत जाते. त्याच्या वेगमापकावर आकडा दिसतो तो २८० नॉटच्या आसपास. उपकरण बिघडलेले नसते. वरची हवा विरळ असल्यामुळे नळीत साठणारा दाब कमी असतो, आणि पंखांनाही तेवढाच दाब जाणवतो. पंखाला वाऱ्याचा जितका आधार मिळतो तितकाच आकडा हे उपकरण दाखविते. विमान हवेत टिकेल की नाही हे त्या आकड्यावर ठरते, म्हणून वैमानिकाला तोच हवा असतो.

छिद्रे बंद झाली तर? १९९६ साली अशा दोन दुर्घटना घडल्या. फेब्रुवारीत डॉमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेल्या बर्जेनएअरच्या बोईंग ७५७ ची एक पिटो नळी बुजलेली होती. विमान काही दिवस नळीवर आवरण न घालता उभे होते व एखाद्या कुंभारीण माशीने नळीत मातीचे घर केले असावे असा चौकशीचा कयास होता. आपल्या घरांच्या तुळयांवर जी घरे करते त्याच जातकुळीची ही माशी. १८९ जण गेले. ऑक्टोबरात पेरू देशात आणखी एका ७५७ ची स्थिर दाबाची छिद्रे विमान धुताना चिकटपट्टीने झाकली गेली आणि पट्टी काढावयाची राहिली. ७० जण गेले. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या विमानाच्या पिटो नळ्यांत बर्फाचे कण साचले आणि वेगाचे आकडे काही काळ खोटे झाले. ती स्थिती तशी तात्पुरती होती, पण त्या गोंधळात विमानाचे नाक वर ओढले गेले आणि २२८ जण प्राणास मुकले. वेगमापकावर विश्वास उरला नाही तर वैमानिकाने काय करावे याचे उत्तर आज ठरलेले आहे. नाक क्षितिजापासून ठरावीक अंशांवर ठेवावयाचे, इंजिनांना ठरावीक शक्ती द्यावयाची. या दोन गोष्टी बरोबर असतील तर वेग आपोआप बरोबर राहतो, दिसो वा न दिसो.

आता पडद्यांविषयी. जुन्या ७४७ विमानाच्या कक्षात दिवे, मापके आणि खटके मिळून ९७१ होते असे बोईंग सांगे. १९८९ साली सेवेत आलेल्या ७४७-४०० मध्ये ते ३६५ वर आले आणि तिसऱ्या माणसाची, फ्लाइट इंजिनिअरची, जागा गेली. आपल्या देशात हा बदल एअर इंडियाच्या एअरबस ए-३१० विमानांबरोबर १९८६ पासून आणि इंडियन एअरलाइन्सच्या ए-३२० बरोबर १९८९ पासून दिसू लागला. फिरणाऱ्या भोवऱ्याची जागा हळूहळू लेझर जायरोने घेतली. त्यात फिरते काहीच नाही. एका बंद मार्गात दोन प्रकाशकिरण उलटसुलट दिशांना सोडतात आणि विमान वळले की त्यांच्यात पडणारा सूक्ष्म फरक मोजतात.

प्रत्येक वैमानिकासमोर दोन पडदे असतात. मुख्य उड्डाणपडद्यावर मध्ये तेच निळे-तपकिरी क्षितिज, डाव्या हाताला वेगाची उभी पट्टी, उजव्या हाताला उंचीची पट्टी, तिच्या कडेला चढ-उताराचा दर आणि तळाशी दिशा. जुन्या तबकड्यांची मांडणीही हीच होती, म्हणून जुन्या वैमानिकाला नजर वळवावयास फार शिकावे लागले नाही. वेगाच्या पट्टीवर एक बाण असतो. आहे तसेच चालू राहिले तर दहा सेकंदांनंतर वेग किती असेल ते तो सांगतो. सुईदार तबकडीवर हे कळत नसे. तरीही तबकडीचा एक गुण पट्टीत हरवला. काटा कोठे आहे हे कडेच्या नजरेनेही समजे, आकडा मात्र वाचावाच लागतो. दुसरा पडदा नकाशाचा. त्यावर मार्ग, पुढील ढगांतील पाऊस आणि जवळपासची विमाने दिसतात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर अशी टक्कर टाळणारी यंत्रणा भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीची झाली. मधल्या पडद्यांवर इंजिनांची माहिती आणि बिघाडाच्या सूचना येतात. सारे ठीक असेल तर पडदा जवळजवळ रिकामा ठेवावयाचा, हे येथील धोरण. मला ते फार शहाणपणाचे वाटते.

मुख्य पडद्याच्या माथ्यावर लहान अक्षरांची एक ओळ असते आणि सामान्य माणसाच्या नजरेत ती भरणारही नाही. स्वयंचलित यंत्रणा या क्षणी कोणत्या पद्धतीने विमान चालवीत आहे ते तेथे लिहिलेले असते. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे नवे ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले आणि १४६ पैकी ९२ जण दगावले. दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत. यंत्रणा अशा पद्धतीत होती की इंजिने किमान शक्तीवर राहावीत आणि वेग विमानाच्या नाकाने सांभाळावा. वैमानिकांनी उंची राखण्यासाठी नाक वर धरले, इंजिने स्वस्थ राहिली, वेग घसरत गेला आणि ध्यानात आल्यावर शक्ती वाढवेपर्यंत जमीन आली. त्या ओळीत शब्द बरोबर लिहिलेला होता, वेगाची पट्टीही खरे बोलत होती. १९७८ मध्ये एका उपकरणाने खोटे सांगितले. १९९० मध्ये कोणत्याही उपकरणाने खोटे सांगितले नाही, आणि हा दुसरा प्रकार मला अधिक अस्वस्थ करतो.

आजच्या विमानांतही दोन वैमानिकांच्या मध्ये एक लहान राखीव उपकरण असतेच. क्षितिज, वेग आणि उंची एवढेच ते दाखविते, मुख्य यंत्रणेवर विसंबत नाही आणि विमानाची मुख्य वीज गेली तरी बॅटरीवर चालते. दोन बाजूंच्या क्षितिजांत काही अंशांचा फरक पडला की संगणक दोन्ही पडद्यांवर तसा इशारा लिहितो. त्यानंतरचे काम माणसाचे. तिसऱ्याकडे पाहावयाचे, कोणते दोन जुळतात ते मोठ्याने बोलावयाचे, आणि ज्याचे उपकरण खरे त्याच्या हाती विमान द्यावयाचे, मग तो पदाने कनिष्ठ का असेना. बिघडलेल्या बाजूचा संकेतस्रोत बदलण्यासाठी एक खटका असतो, पण तो नंतर.

ही पडताळणी विमान जमिनीवर असतानाच सुरू होते. धावपट्टीवर वेग घेताना बोईंग विमानांत ८० नॉटला आणि एअरबस विमानांत १०० नॉटला एक वैमानिक आकडा मोठ्याने उच्चारतो, दुसरा आपल्या बाजूच्या पडद्यावरचा आकडा पाहून तो जुळल्याचे सांगतो. त्या वेगाला पुढे पुरेशी धावपट्टी शिल्लक असते. आकडे जुळले नाहीत तर शक्ती कमी करून विमान तेथेच थांबविता येते.